राखीव गोलकीपर

फुटबॉल संघात सर्वांत एकटा माणूस कोण, असं विचारलं तर बहुतेक जण गोलकीपरचं नाव घेतील. मला वाटतं, त्याच्यापेक्षाही एकटा असतो तो दुसरा गोलकीपर. राखीव फॉरवर्डला निदान शेवटची वीस मिनिटं मिळतात. राखीव मिडफिल्डर कोणी दमला की आत जातो. दुसऱ्या गोलकीपरला मात्र पहिला जखमी होईपर्यंत किंवा लाल कार्ड घेऊन बाहेर येईपर्यंत बसून राहावं लागतं. आणि आपण त्याची वाट पाहतोय हे चेहऱ्यावर दिसूही द्यायचं नसतं. आठवडाभर घाम सगळ्यांइतकाच गाळायचा, सामन्याच्या दिवशी बाकावर बसायचं आणि खेळ बघायचा.

स्पेनमधल्या एका गोलकीपरने कारकिर्दीचा बहुतेक काळ असा बसून काढला. खेळाडू म्हणून तो निवृत्त झाला तेव्हा स्पेनबाहेर त्याचं नाव फारसं कोणाला माहीत नव्हतं. पण त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत युरोपातल्या मोठमोठ्या क्लबांचे मालक त्याला फोन करत राहिले. त्याचं नाव रामोन रोद्रीगेस वेर्देहो. फुटबॉलचं जग त्याला मोन्ची म्हणून ओळखतं.

बेटावरचा मुलगा

मोन्चीचा जन्म २० सप्टेंबर १९६८चा, गाव सान फेर्नांदो. स्पेनच्या दक्षिण टोकाला, कादिस शहराजवळ, खाडी आणि मिठागरांच्या मध्ये वसलेलं हे गाव. आसपासचे लोक त्याला नुसतं ‘बेट’ म्हणतात. फ्लामेंको गाण्यातला सर्वांत मोठा आवाज, कामारोन दे ला इस्ला, याच गावचा. मोन्ची इथून सुमारे सव्वाशे किलोमीटरवरच्या सेविया क्लबमध्ये गेला. इंग्रजीत ज्याला सेव्हिल म्हणतात तेच हे शहर.

१९९०मध्ये तो मुख्य संघात आला आणि १९९९पर्यंत तिथेच राहिला. दुसरा क्लब नाही, राष्ट्रीय संघ नाही. सुरुवातीला त्याच्या पुढे होता सोव्हिएत संघाचा प्रसिद्ध गोलकीपर रिनात दासायेव्ह आणि नंतर अनेक वर्षं हुआन कार्लोस उन्सुए. मोन्ची बाकावर.

पण त्या बाकावरून दिसणारं दृश्य साधं नव्हतं. १९९२मध्ये दिएगो माराडोना सेवियाकडून खेळायला आला. प्रशिक्षक होते कार्लोस बिलार्दो, म्हणजे १९८६ला अर्जेंटिनाला विश्वचषक जिंकून देणारे. त्याच संघात क्रोएशियाचा दाव्होर शुकर होता आणि तरुण दिएगो सिमेओने होता. मोन्चीने मुलाखतींत सांगितलेली एक आठवण आहे. त्याच्या हातातलं महागडं दिसणारं घड्याळ नकली आहे हे माराडोनाच्या लक्षात आलं, आणि माराडोनाने त्याला खरं महागडं घड्याळ भेट दिलं. जगातला सर्वांत मोठा खेळाडू आणि संघातला दुसरा गोलकीपर यांच्यातली ही गोष्ट. पाहणारा फक्त मोन्चीच नव्हता, त्यालाही कोणीतरी बारकाईने पाहत होतं.

माराडोना एकच हंगाम राहिला. क्लबची घसरण त्यानंतरची. १९९५च्या उन्हाळ्यात आर्थिक हमीची कागदपत्रं वेळेत पूर्ण झाली नाहीत म्हणून सेवियाला थेट तिसऱ्या पातळीवर ढकलण्याचा निर्णय झाला. शहरात लोक रस्त्यावर उतरले, निर्णय मागे घ्यावा लागला. १९९७मध्ये मात्र कोणत्याही कागदाशिवाय, मैदानावरच हरून, संघ दुसऱ्या श्रेणीत गेला. १९९९ला वर आला. त्याच वर्षी, वयाच्या तिसाव्या वर्षी, मोन्चीने हातमोजे उतरवले आणि संघाच्या प्रवासापासून कागदपत्रांपर्यंतची कामं बघायला लागला. २०००मध्ये सेविया पुन्हा खाली गेला, तोही तळाच्या क्रमांकावर राहून. डोक्यावर कर्ज. अशा वेळी क्लबने त्याला नवं काम दिलं, स्पोर्टिंग डायरेक्टरचं. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता.

स्पोर्टिंग डायरेक्टर करतो काय?

आपण आयपीएलच्या लिलावाला सरावलेले आहोत. तिथे फ्रँचायझी जी बोली लावते तो खेळाडूचा पगार असतो. फुटबॉलमध्ये करार चालू असलेला खेळाडू हवा असेल तर त्याच्या आधीच्या क्लबला वेगळी किंमत द्यावी लागते. ती ट्रान्स्फर फी. पगार त्याशिवाय. म्हणजे खेळाडू हा क्लबसाठी मैदानावरचा सोबती असतो आणि हिशेबाच्या वहीतली मालमत्ताही असतो.

डिसेंबर १९९५मध्ये या व्यवहाराची घडीच बदलली. जाँ-मार्क बोस्मान या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यात युरोपियन न्यायालयाने दोन गोष्टी ठरवल्या. एक, करार संपला की खेळाडू मोकळा, जुन्या क्लबला काही देणं लागत नाही. दोन, युरोपियन संघातल्या देशांच्या नागरिकांवर ‘परदेशी खेळाडू’ म्हणून संख्येची मर्यादा घालता येणार नाही. पहिल्या निर्णयामुळे वेळेत नवा करार केला नाही तर खेळाडू फुकट निघून जाऊ लागला. दुसऱ्यामुळे खेळाडू शोधायला अख्खा युरोप मोकळा झाला.

आता कोणाचा करार कधी संपतो, कोणाला कधी विकायचं, त्याच्या जागी कोण आणायचा, हे सतत बघणारा माणूस लागणार. प्रशिक्षकाकडे हे काम देणं धोक्याचं, कारण चार सामने हरला की त्याचीच नोकरी जाते. त्याला रविवारचा सामना जिंकायचा असतो. तीन वर्षांनंतरचा विचार करायला दुसरं कोणीतरी हवं. प्रशिक्षक बदलत राहतात आणि स्पोर्टिंग डायरेक्टर टिकतो, निदान टिकावा अशी अपेक्षा असते.

स्पेनमध्ये आणखी एक अडचण होती. टीव्हीच्या हक्कांचे पैसे तिथे अनेक वर्षं एकत्र वाटले जात नसत. प्रत्येक क्लब आपापले हक्क विकायचा. साहजिकच रेआल माद्रिद आणि बार्सेलोना यांना बाकीच्यांच्या कित्येक पट पैसे मिळत. हक्क एकत्र विकण्याचा कायदा थेट २०१५मध्ये आला. म्हणजे मोन्चीची पहिली पंधरा वर्षं अशा लीगमध्ये गेली जिथे दोन क्लबांकडे तिजोरी होती आणि बाकीच्यांकडे गल्ला. त्यांच्याशी दोन हात करायचे तर एकच रस्ता उरत होता: स्वस्तात आणायचं, घडवायचं, महागात विकायचं, आणि विकूनही संघ कमजोर होऊ द्यायचा नाही. यातल्या शेवटच्या अटीवर भले भले अडखळतात.

आधी बघायचं, मग शोधायचं

मोन्चीने दोन गोष्टींवर भर दिला. घरची पोरं आणि बाहेरची नजर.

घरची पोरं म्हणजे क्लबची अकादमी. उत्रेरा रस्त्यावरच्या सराव मैदानांवर त्या काळात जी मुलं खेळत होती त्यांची नावं आज वाचली तर खरं वाटत नाही: होसे आंतोनिओ रेयेस, सेर्हिओ रामोस, हेसूस नावास, आंतोनिओ पुएर्ता. त्यांना मोन्चीने जन्माला घातलं नव्हतं, अकादमी आधीपासून होतीच. पण नवीन खेळाडू विकत घ्यायला पैसे नसल्याने या मुलांना लवकर खेळवलं गेलं. प्रशिक्षक होआकीन कापार्रोस यांच्या हाताखाली २००१मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत पहिला येऊन वर आला.

बाहेरची नजर म्हणजे स्काउटांचं जाळं. त्याची पद्धत मोन्चीने स्वतः अनेकदा समजावून सांगितली आहे आणि ती ऐकायला फार साधी वाटते. हंगामाच्या पहिल्या चार-पाच महिन्यांत त्याचे स्काउट कोणाच्याही मागावर नसतात. प्रत्येकाला काही लीग वाटून दिलेल्या असतात. त्या नुसत्या बघायच्या आणि दर महिन्याला आपापल्या लीगमधले सर्वोत्तम अकरा लिहून द्यायचे. डिसेंबरपर्यंत काही नावं यादीत पुन्हा पुन्हा आलेली असतात. मग त्यांच्यावर लक्ष. घरच्या मैदानावर कसा खेळतो, बाहेर कसा, संघ हरत असताना कसा. एकाने पाहिलेला खेळाडू दुसरा स्काउट जाऊन पाहतो, मग तिसरा. उन्हाळा येतो, प्रशिक्षक सांगतो की मला असा लेफ्ट बॅक हवा, तेव्हा हातात यादी तयार असते.

गंमत यातल्या क्रमात आहे. बहुतेक क्लब आधी गरज ठरवतात आणि मग घाईघाईने शोधायला निघतात. तेव्हा एजंट ज्याचं नाव पुढे करतील तो मिळतो आणि ते सांगतील ती किंमत द्यावी लागते. मोन्चीच्या लोकांनी गरज निर्माण व्हायच्या आधीच पाहून ठेवलेलं असायचं. खेळायला मिळणार नाही हे माहीत असूनही दर रविवारी लक्ष देऊन खेळ बघत बसलेल्या माणसाला ही पद्धत सुचली, याचं मला आश्चर्य वाटत नाही.

आइंडहोव्हनचे चार गोल

पहिला मोठा घाव जानेवारी २००४मध्ये बसला. रेयेस आर्सेनलला विकला गेला. तो वीस वर्षांचा होता, गावाकडचा होता, लोकांचा लाडका होता. पण क्लबला पैसे हवे होते.

२००५च्या उन्हाळ्यात त्याहून मोठा घाव. सेर्हिओ रामोस, वय १९, शेजारच्या कामास गावचा, २ कोटी ७० लाख युरोंना रेआल माद्रिदला गेला. त्याच उन्हाळ्यात संघाचा सर्वाधिक गोल करणारा ब्राझिलियन हूलिओ बाप्तिस्ताही माद्रिदलाच. चाहत्यांच्या दृष्टीने हे घर विकून भाडं भरण्यासारखं होतं.

पण त्याच उन्हाळ्यात काही माणसं आलीही. टॉटेनहॅममध्ये फारसा न रुजलेला फ्रेडरिक कानुते. ब्राझीलचा लुइस फाबियानो, जो पोर्तुगालमध्ये अपयशी ठरला होता. युव्हेंटसमधून एन्झो मारेस्का. आणि व्हॅलेन्सियाहून आंद्रेस पालोप, जो तिथे अनेक वर्षं सांतियागो कान्यीसारेसच्या मागे दुसरा गोलकीपर म्हणून बसला होता.

१० मे २००६. नेदरलँड्समधलं आइंडहोव्हन, युएफा कपचा अंतिम सामना, समोर इंग्लंडचा मिडल्सब्रो. सेविया ४-० ने जिंकला. पहिला गोल लुइस फाबियानोचा, मधले दोन मारेस्काचे, शेवटचा कानुतेचा. चारही गोल आदल्या उन्हाळ्यात आलेल्या खेळाडूंचे. सेवियाने याआधी शेवटचा मोठा चषक जिंकला होता १९४८मध्ये. आजोबांनी पाहिलेला चषक नातवाने पाहिला, मधल्या पिढीच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं.

पुढची दोन वर्षं वेड्यासारखी गेली. ऑगस्ट २००६मध्ये युरोपियन सुपर कपमध्ये बार्सेलोनाला ३-० ने हरवलं. २००७मध्ये पुन्हा युएफा कप आणि त्याच्या जोडीला स्पेनचा कोपा देल रेय. ला लीगामध्ये संघ शेवटच्या फेरीपर्यंत विजेतेपदाच्या शर्यतीत होता. ब्राझीलच्या बाहिया क्लबमधून पोरवयात आणलेला दानी आल्वेस २००८मध्ये बार्सेलोनाने सुमारे ३ कोटी युरोंना नेला.

२००७च्या युएफा कपमध्ये पालोपने जे केलं ते मुद्दाम सांगायला हवं. शाख्तार दोनेत्स्कविरुद्ध संघ स्पर्धेबाहेर जायच्या बेतात होता. शेवटच्या क्षणी कॉर्नर मिळाला. पालोप आपला गोल सोडून धावत पुढे गेला आणि त्याने हेडर मारून गोल केला. मग ग्लासगोच्या अंतिम सामन्यात एस्पान्योलविरुद्धच्या शूटआउटमध्ये त्याने तीन पेनल्टी अडवल्या. व्हॅलेन्सियाला जो दुसरा वाटत होता, त्याच्यात एका माजी दुसऱ्या गोलकीपरला पहिला दिसला होता.

पुएर्ता

या यशाच्या मधोमध एक नाव आहे ज्याचा हिशेब कोणत्याही वहीत मांडता येत नाही.

आंतोनिओ पुएर्ता शहरातलाच मुलगा, अकादमीतून आलेला, डाव्या पायाचा. २७ एप्रिल २००६ला, सेवियाच्या वसंत जत्रेतल्या गुरुवारी, शाल्केविरुद्धचा उपांत्य सामना जादा वेळेत गेला होता. दोन सामन्यांत मिळून एकही गोल नव्हता. पुएर्ताने डाव्या पायाने चेंडू दूरच्या कोपऱ्यात मारला आणि संघ त्याच्या इतिहासातल्या पहिल्या युरोपियन अंतिम सामन्यात पोहोचला. पुढच्या वर्षी ग्लासगोच्या शूटआउटमधली सेवियाची शेवटची पेनल्टीही त्याचीच.

२५ ऑगस्ट २००७ला नव्या हंगामातल्या लीगच्या पहिल्याच सामन्यात, गेताफेविरुद्ध, तो मैदानावर कोसळला. उठून चालत बाहेर गेला. आत पुन्हा कोसळला. तीन दिवसांनी, २८ ऑगस्टला, तो गेला. वय २२. काही आठवड्यांत तो बाप होणार होता. हृदयाच्या स्नायूंचा आजार होता, असं नंतर कळलं.

कोणाला किती किंमत येईल, कोणाच्या जागी कोण आणायचा, हे रोज ठरवणाऱ्या ऑफिसात त्या आठवड्यात काय बोललं गेलं असेल, याची मी कल्पना करू शकत नाही. पुएर्ताच्या जागी खेळाडू आणता येतो. पुएर्ताच्या जागी पुएर्ता आणता येत नाही. सेवियाचे चाहते अजूनही घरच्या सामन्यात सोळाव्या मिनिटाला त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात, कारण त्याच्या पाठीवर सोळा हा आकडा होता.

मागच्या दाराने युरोपात

दर वर्षी पद्धत यशस्वी झाली, असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. २००७मध्ये हॉलंडहून मोठी रक्कम देऊन आणलेला आरुना कोने अपेक्षित गोल कधी करूच शकला नाही. २०१०मध्ये आणखी एक कोपा देल रेय आला, पण नंतर संघ घसरत गेला. २०१२ आणि २०१३, दोन्ही वर्षी नववा क्रमांक.

नवव्या क्रमांकाला युरोपियन स्पर्धा मिळत नाही. पण २०१३मध्ये मालागावर आर्थिक नियम मोडल्याबद्दल बंदी आली आणि रायो वायेकानोला परवाना मिळाला नाही. त्यामुळे जागा खाली सरकत सेवियाकडे आली. त्याच उन्हाळ्यात मोन्चीने जवळजवळ अर्धा संघ विकला. नावास आणि आल्वारो नेग्रेदो मँचेस्टर सिटीला गेले, जेफ्री कोंदोग्बिया मोनाकोला. नावास जातो म्हणजे काय, हे समजायला हवं. हा मुलगा घरापासून दूर राहायला लागलं की आजारी पडायचा, आणि त्यासाठी त्याने उपचार घेतले होते. तोही गेला.

आत आले कोलंबियाचा कार्लोस बाक्का, बेल्जियमच्या ब्रुखमधून सुमारे ७० लाख युरोंत. पॅरिसमध्ये बाकावर बसलेला केव्हिन गामेरो. इंग्लंडमधून उसना आणलेला स्तेफान एम्बिया. आधीपासून होता इव्हान राकितिच, जो २०११मध्ये शाल्केकडून सुमारे २५ लाखांत मिळाला होता. प्रशिक्षक होता उनाय एमेरी.

मे २०१४च्या उपांत्य फेरीत व्हॅलेन्सियाविरुद्ध संघ बाहेर पडल्यातच जमा होता. ९४व्या मिनिटाला एम्बियाने हेडरने गोल केला. तुरीनमध्ये बेनफिकाला पेनल्टींवर हरवून, मागच्या दाराने स्पर्धेत शिरलेल्या संघाने युरोपा लीग जिंकली. उन्हाळ्यात राकितिच बार्सेलोनाला गेला. २०१५ला वॉर्सोत पुन्हा विजय, बाक्काचे दोन गोल. उन्हाळ्यात बाक्का सुमारे ३ कोटींना मिलानला गेला. २०१६ला बासेलमध्ये लिव्हरपूलला ३-१ ने हरवून सलग तिसरा विजय. कधीकाळी विकलेला रेयेस परत आला होता, आणि या तिन्ही वर्षी तो संघात होता. रेयेसचं २०१९मध्ये मोटार अपघातात निधन झालं.

रोम

२०१६मध्येच मोन्चीला निघायचं होतं. क्लबने सोडलं नाही. वर्षभराने त्याने निरोप घेतला आणि रोमाला गेला.

रोमात त्याने पहिल्याच उन्हाळ्यात मोहम्मद सालाह लिव्हरपूलला विकला. क्लबला हिशेब जुळवायला पैसे हवे होते. आदल्या वर्षी रोमाचा पहिला गोलकीपर उसना आणलेला होता आणि त्याच्या मागे एक ब्राझिलियन बसायचा, नाव आलिसन. मोन्चीच्या पहिल्या हंगामात आलिसन पुढे आला. एप्रिल २०१८मध्ये रोमाने बार्सेलोनाविरुद्ध पहिल्या सामन्यातला १-४ चा पराभव घरच्या मैदानावर ३-० ने भरून काढला आणि चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी गाठली. तिथे समोर लिव्हरपूल, आणि पहिल्याच सामन्यात सालाहचे दोन गोल. उन्हाळ्यात आलिसनही लिव्हरपूलला, त्या क्षणी गोलकीपरसाठी जगातल्या सर्वांत मोठ्या किमतीत.

विक्री नेहमीसारखीच झाली होती. चुकलं ते बदली खेळाडूंच्या बाबतीत. आलिसनच्या जागी आलेला रॉबिन ओल्सेन त्या तोडीचा नव्हता. क्लबच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या रकमेला आणलेला पात्रिक शिक रुजला नाही. हाविएर पास्तोरे दुखापतींतच अडकला. मार्च २०१९मध्ये पोर्तोने रोमाला चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढलं, प्रशिक्षकाला काढण्यात आलं आणि पाठोपाठ मोन्चीनेही रोम सोडलं.

सेवियामध्ये दर वर्षी खेळाडू विकले जातात हे सगळ्यांनी पचवलं होतं, कारण त्या बदल्यात काय मिळतं ते त्यांनी पाहिलं होतं. रोमच्या लोकांनी ते पाहिलं नव्हतं आणि त्यांनी ते का पचवावं? त्यांच्या घरी फ्रान्सेस्को तोत्ती आख्खं आयुष्य एकाच क्लबमध्ये खेळला होता. तोत्तीचा शेवटचा सामना आणि मोन्चीचं आगमन, दोन्ही २०१७चेच.

बोनो

महिना संपायच्या आत मोन्ची सेवियात परत आला. बोर्दोमधून ज्युल कुंदे, नान्तमधून दिएगो कार्लोस. आणि दुसऱ्या श्रेणीत घसरलेल्या जिरोनाकडून एक मोरोक्कन गोलकीपर उसना, यासिन बूनू, ज्याला सगळे बोनो म्हणतात. कामही ठरलेलं: तोमाश वात्सलिकच्या मागे दुसरा.

२०२०मध्ये वात्सलिक जखमी झाला. बोनो आत गेला तो परत बाकावर आला नाही. ऑगस्टमध्ये, महामारीमुळे रिकाम्या राहिलेल्या कोलोनच्या मैदानावर, इंटर मिलानला ३-२ ने हरवून सेवियाने पुन्हा युरोपा लीग जिंकली. चषक उचलला कर्णधार हेसूस नावासने. २०१७ला तो घरी परतला होता.

मग २०२२चा उन्हाळा. कुंदे बार्सेलोनाला, दिएगो कार्लोस अ‍ॅस्टन व्हिलाला. बचावातली मधली जोडी एकाच उन्हाळ्यात फुटली आणि या वेळी भरपाई झाली नाही. गाजावाजा करून आणलेला इस्को चार महिन्यांत करार मोडून गेला. एका हंगामात तीन प्रशिक्षक झाले. मार्चमध्ये संघ दुसऱ्या श्रेणीच्या कड्यावर उभा होता. तरीही तोच संघ युरोपा लीगमध्ये मँचेस्टर युनायटेड आणि युव्हेंटसला बाहेर काढून ३१ मे २०२३ला बुडापेस्टला अंतिम सामन्यात पोहोचला.

समोर रोमा होता. त्यांचा कर्णधार लोरेन्झो पेलेग्रिनी आणि मिडफिल्डर ब्रायन क्रिस्तान्ते, दोघे मोन्चीनेच रोमात आणलेले. इकडे राकितिच, नऊ वर्षांपूर्वी विकलेला आणि २०२०मध्ये परत आणलेला. सामना १-१, पेनल्टी शूटआउट. बोनोने दोन अडवल्या. निर्णायक पेनल्टी गोन्सालो मोन्तिएलने मारली, ज्याने पाच महिन्यांपूर्वी अर्जेंटिनासाठी विश्वचषकाची शेवटची पेनल्टी मारली होती.

सातवा चषक. ही स्पर्धा इतक्या वेळा जिंकणारा दुसरा क्लब नाही. दोन-अडीच आठवड्यांत मोन्ची सेविया सोडून इंग्लंडमध्ये अ‍ॅस्टन व्हिलाला गेला, जिथे एमेरी प्रशिक्षक होता. सप्टेंबर २०२५मध्ये तेही काम संपलं.

उरलेला प्रश्न

मोन्ची गेल्यानंतर सेवियाचं काय झालं? २०२४-२५च्या हंगामात संघ सतरावा आला. एक गुण कमी पडला असता तर परिस्थिती फारच बिकट झाली असती. ला लीगाने घातलेली पगाराची मर्यादा इतकी खाली आली की नवे खेळाडू घेणंही अवघड झालं. यावरून दोन उलट निष्कर्ष निघतात आणि दोन्ही खरे वाटतात. एक, तो नव्हता म्हणून क्लब कोसळला. दोन, पडझड त्याच्याच शेवटच्या वर्षात सुरू झाली होती आणि वाढलेल्या पगारांची बिलं त्याच्या मागे राहिलेल्यांनी भरली. मला दुसरा जास्त पटतो. जो क्लब दर उन्हाळ्यात विकून जगतो, त्याला एकही उन्हाळा चुकवून चालत नाही. पगार वाढलेले राहतात, विकायला मोठा खेळाडू उरत नाही आणि यंत्र थांबतं. बावीस वर्षं चाललेल्या यंत्रालाही दोन वाईट उन्हाळे पुरतात.

तरी पद्धतीतलं काहीतरी टिकणारं होतं. पालोप व्हॅलेन्सियाचा दुसरा. आलिसन रोमाचा दुसरा. बोनो वात्सलिकच्या मागचा दुसरा. ग्लासगो आणि बुडापेस्ट, दोन अंतिम सामने अशा माणसांच्या हातमोज्यांवर जिंकले गेले ज्यांना कधीतरी कोणीतरी ‘तू बस’ म्हणून सांगितलं होतं. मोन्ची हा काही द्रष्टा नव्हता. कोने, शिक आणि इस्कोकडे बघितलं की ते कळतं. पण बाकावर बसलेला माणूस तिथे का बसलाय, त्याच्यात कमी आहे म्हणून की त्याच्या पुढे कोणीतरी उभा आहे म्हणून, हा प्रश्न तो विचारायचा. बाकीचे फक्त किती सामने खेळला ते बघायचे.

पुढच्या वेळी एखादा सामना बघाल तेव्हा कॅमेरा एकदा तरी बाकावर जाईल. जॅकेट घालून, हात खिशात घालून बसलेला गोलकीपर दिसेल. तो काय बघतोय तेही बघा.